रेमिंग्टन ८७०ची ट्रिगर असेंब्ली: धुवा, वाळवा, थेंबभर तेल द्या आणि हात आवरा

पंप ॲक्शन शॉटगन (नळीखालची मूठ, म्हणजे पंप, मागे-पुढे करून चालणारी) साफ करायची म्हटलं की बहुतेकांचा सगळा जोर नळीवर असतो. नळीतून ब्रश फिरतो, कापडाचे बोळे काळ्याचे पांढरे होतात, डोळा लावून आत चकाकी बघितली जाते आणि बंदूक कपाटात परत जाते. ट्रिगर असेंब्ली (चाप, घोडा आणि त्यांचे जोडभाग) मात्र वर्षानुवर्षं तशीच राहते. कधीतरी चाप जड वाटायला लागतो, नाहीतर पंप मोकळा करणारं बटण दाबूनही अडकतं, आणि मग घाबरून त्यात तेलाची अर्धी बाटली ओतली जाते. आजार बरा न होता वाढतो तो इथेच.

हा लेख रेमिंग्टन ८७० समोर ठेवून लिहिला आहे. १९५० साली बाजारात आलेल्या या बंदुकीच्या एक कोटीहून जास्त प्रती बनल्या. अमेरिकेत राहणारे आपले लोक ट्रॅप किंवा स्कीट (उडत्या मातीच्या तबकड्यांवरची नेमबाजी) शिकायला जातात तेव्हा पहिली बंदूक म्हणून हातात बरेचदा हीच येते: जुनी विंगमास्टर असेल, नाहीतर १९८७ नंतरची स्वस्तातली एक्सप्रेस. दोन्हींची ट्रिगर असेंब्ली काढायची रीत एकच. मॉसबर्ग ५०० (तशीच दुसरी पंप बंदूक) वाल्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे सांगितलं आहे.

भारतात १२ बोअरचा परवाना असणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. स्वतःच्या बंदुकीची साफसफाई ही एक गोष्ट आणि दुरुस्ती ही दुसरी. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीचा व्यवसाय करायलाही परवाना लागतो, म्हणून भाग बदलायची वेळ आली तर ओळखीच्या लेथवाल्याकडे न जाता परवानाधारक दुकानातच जायचं. शेतीच्या राखणीसाठी आपल्याकडे असतात त्या बहुतेक एकनळी-दुनळी बंदुका. त्यांची रचना वेगळी, त्यांना पुढची कृती लागू नाही.

आत काय असतं

चापाच्या गार्डासकट एक अख्खा ठोकळा दोन आडव्या पिनांवर रिसीव्हरमध्ये, म्हणजे बंदुकीच्या मधल्या सांगाड्यात, बसवलेला असतो. पिना काढल्या की सगळा ठोकळा एकत्र हातात येतो. या रचनेची खरी सोय हीच, आणि तिचा फायदा घ्यायचा असेल तर ठोकळा आणखी फोडायच्या भानगडीत पडायचं नाही.

ठोकळ्यात मधोमध घोडा असतो आणि त्याला पुढे ढकलणारी स्प्रिंग. घोडा मागे दाबला की सिअर नावाचा लहानसा पोलादी तुकडा त्याला खाचेत धरून ठेवतो. चाप ओढला की डाव्या बाजूची कनेक्टर पट्टी सिअरला ढकलते, खाच सुटते आणि घोडा जाऊन काडतुसाच्या बुडावर टोला देणाऱ्या फायरिंग पिनवर आपटतो. सगळा खेळ त्या खाचेच्या नखाएवढ्या कडेवर चालतो. तिथे बारुदाचा एखादा कण बसला तर चाप खरखरीत लागतो. घट्ट झालेलं तेल बसलं तर सिअर आळसावतो.

डाव्या अंगाला ॲक्शन बार लॉक असतो. गार्डाच्या पुढे डावीकडे आपण जे बटण दाबतो ते याचंच टोक. घोडा चढलेला असताना हा लॉक पंपाची डावी पट्टी अडवून धरतो, म्हणून बटण दाबल्याशिवाय पंप मागे येत नाही. त्याचं दुसरंही एक काम आहे. पंप पूर्ण पुढे जाऊन बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा तुकडा) बंद होईपर्यंत तो कनेक्टरला सिअरपासून दूर ठेवतो. चाप दाबून धरला आणि पंप मारला तरी ८७० सुटत नाही ती यामुळे. जुन्या विंचेस्टर १८९७ मध्ये ही सोय नव्हती. चाप दाबून पंप पुढे नेला की ती उडायची.

पुढच्या बाजूला दोन हातांचा कॅरिअर असतो. मॅगझिनमधून, म्हणजे काडतुसं साठवणाऱ्या नळकांड्यातून, आलेलं काडतूस उचलून नळीच्या तोंडाशी आणतो तो. त्याच्या उजव्या हाताला कॅरिअर डॉग नावाचा छोटा खटका असतो आणि त्याच्यामागे एक बारीक स्प्रिंग. मागे, गार्डाच्या बुडाशी, आडवी सेफ्टी. लाल पट्टी दिसली की बंदूक उडायला मोकळी. आणि ही सेफ्टी फक्त चाप अडवते, घोडा नाही. घोड्याला धरून ठेवणारी एकमेव गोष्ट म्हणजे सिअर, म्हणून त्याची कड स्वच्छ असणं नळीच्या चकाकीपेक्षा कितीतरी महत्त्वाचं.

लागणारं सामान

पिनेपेक्षा किंचित बारीक असा पितळी किंवा नायलॉनचा पंच, लहान हातोडी, जुना टूथब्रश, कापसाच्या काड्या, दात कोरायच्या लाकडी काड्या, न सुटणाऱ्या धाग्याचं सुती कापड, नायट्रिलचे हातमोजे, चष्मा. बंदुकीसाठी बनवलेला फवाऱ्याचा क्लीनर आणि बंदुकीचं पातळ तेल. दाबलेल्या हवेचा कॅन मिळाला तर काम अर्ध्यावर येतं. खाली पांढरा जुना टॉवेल अंथरा, काळा किंवा नक्षीचा नको, म्हणजे काही पडलं तर दिसेल.

गाडीच्या ब्रेकसाठीचा क्लीनर स्वस्त पडतो म्हणून अनेक जण तोच वापरतात. धातूच्या गार्डाला तो चालून जातो, पण बऱ्याच एक्सप्रेस बंदुकांचं गार्ड प्लास्टिकचं आहे आणि काही ब्रेक क्लीनर प्लास्टिक खातात. शिवाय क्लोरीनवाला प्रकार तापलेल्या जागी किंवा वेल्डिंगजवळ वापरला तर विषारी वायू होतो. चार डॉलर वाचवण्यासाठी एवढा उपद्व्याप नको. डब्यावर ‘प्लास्टिकला सुरक्षित’ असं लिहिलेलं नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

खोली हवेशीर हवी. काडतुसातली बारूद पेटवणाऱ्या प्रायमरमध्ये सहसा शिशाचं संयुग असतं आणि त्याची काजळी ट्रिगरपर्यंत येते. काम चालू असताना चहा-बिस्किटं टेबलावर नकोत, आणि संपल्यावर हात साबणाने धुवायचे.

आधी बंदूक रिकामी

काडतुसं त्या खोलीत असताच कामा नयेत. एकही नको, खिशातलंसुद्धा नको.

नळी सुरक्षित दिशेला, बोट गार्डाच्या बाहेर. सेफ्टी चढवा: उजव्या हाताच्या बंदुकीत बटण डावीकडून उजवीकडे ढकललं की चढते. पुढचं बटण दाबून पंप मागे ओढा. नळीच्या मुळाशी नुसतं बघून भागवू नका, करंगळी घालून चाचपा. मग बंदूक उलटी करून मॅगझिनच्या तोंडात बघा. तिथे काडतुसाचं पितळ न दिसता काडतुसं ढकलणारा फॉलोअर दिसला पाहिजे आणि तो बोटाने दाबता आला पाहिजे. मॅगझिन विसरणारे लोक नळी विसरणाऱ्यांपेक्षा जास्त. नळी रिकामी, म्हणून निर्धास्त पंप पुढे केला आणि मॅगझिनमधलं राहिलेलं काडतूस अलगद आत जाऊन बसलं, हे असंच होतं.

खात्री झाल्यावर पंप पूर्ण पुढे न्या. पंप मागे येताना घोडा चढलेला असतो आणि आपल्याला तो चढलेलाच हवा आहे. चाप ओढून ‘टक’ करून बघायचा मोह आवरा.

ठोकळा बाहेर काढणं

बंदूक आडवी ठेवा. रिसीव्हरच्या अंगावर गार्डाच्या वर दोन पिनांची डोकी दिसतील, एक पुढे आणि एक मागे. पंच टेकवून हातोडीने हलके टोले द्या. या पिना आत बारीक स्प्रिंगच्या कड्यांनी धरलेल्या असतात, त्यामुळे पहिल्या टोल्याला थोडा विरोध जाणवतो आणि मग पिन सरकते. जोर लावावा लागत असेल तर थांबा. पंच तिरका लागलाय किंवा पिन गंजली आहे. गंजलेल्या पिनेवर भेदक तेलाचा थेंब सोडून रात्रभर ठेवायची. पुढची पिन पुढे आणि मागची मागे अशी टॉवेलवर मांडा, अदलाबदल नको.

आता बंदूक उलटी मांडीवर घ्या. ठोकळ्याची मागची बाजू आधी उचला, मग दस्त्याच्या दिशेला ओढत बाहेर काढा. सरळ वर उपटायला गेलात तर कॅरिअरचे हात अडतात.

मॉसबर्ग ५०० मध्ये पिन एकच, आणि कॅरिअर ठोकळ्यासोबत न येता रिसीव्हरमध्येच राहतो. पण ठोकळा निघाला की काडतुसं अडवणारे दोन पोलादी तुकडे, कार्ट्रिज स्टॉप आणि इंटरप्टर, आतून सुटून खाली पडतात. काही मोडलं असं वाटून लोक दचकतात. मोडलेलं काही नसतं, त्या बंदुकीत ते ठोकळ्याच्याच आधाराने बसलेले असतात. कोणता तुकडा कुठल्या बाजूचा याचा फोटो आधीच काढून ठेवा.

सफाई

ठोकळा हातात आला की लगेच फवारा मारू नका. आधी उजेडात धरून नुसतं बघा. घोड्याच्या पायथ्याशी, सिअरच्या आसपास आणि कॅरिअरच्या खिळीपाशी तपकिरी-काळी लुकण साचलेली असते, शिलाई मशीनच्या शटलखाली जमते तशी. त्यात न जळलेल्या बारुदाच्या चपट्या चकत्या, पाणथळ जागेत बदकांसाठी बसलेल्यांच्या बंदुकीत गवताचं बी, वाळकं पान, कधी चिखल. घाण कुठे जास्त आहे ते कळलं की फवारा कुठे मारायचा ते कळतं.

कोरड्या टूथब्रशने आधी सुटी घाण झाडा. मग ठोकळा जुन्या ताटावर तिरका धरून क्लीनर मारा: वरून घोड्याच्या दोन्ही बाजूंना, खालून चापाच्या फटीत, डावीकडून लॉक आणि कनेक्टरवर, पुढून कॅरिअरच्या खिळीवर. दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या. जुनी लुकण एका फवाऱ्यात सुटत नाही, तिला वेळ द्यावा लागतो. नंतर ब्रशने घासा आणि दुसरा फवारा मारून सगळं वाहवून टाका. खाली गळणारं पाणी काळं आहे तोवर काम बाकी आहे.

कोपऱ्यात चिकटलेलं दात कोरायच्या लाकडी काडीने काढा. सुई, पेचकस किंवा चाकूचं टोक सिअरच्या आसपास नेऊ नका. तिथे उठलेला एक ओरखडा चाप कायमचा बिघडवू शकतो.

घोड्याची पुढची बाजू आणि स्प्रिंगची जागा नीट साफ करायची तर घोडा उतरवावा लागतो. इथे सावध. अंगठा घोड्यावर घट्ट दाबून ठेवा, सेफ्टी काढा, चाप ओढा आणि घोडा अंगठ्याच्या दाबाखाली सावकाश पुढे जाऊ द्या. मोकळा सोडलात तर तो पूर्ण ताकदीने ठोकळ्यावरच आपटेल, कारण त्याला झेलणारा बोल्ट समोर नाही. प्लास्टिकचा ठोकळा तडकू शकतो, आणि मध्ये बोट आलं तर नख काळंनिळं होतं. साफ झालं की अंगठ्याने घोडा मागे दाबून परत चढवा, सिअर पकडल्याचा खटका ऐका आणि सेफ्टी लावा.

शेवटी हवेच्या कॅनने सगळ्या फटी फुंकून काढा आणि अर्धा तास वाळू द्या. क्लीनर आत ओला राहिला तर वरून दिलेलं तेल पातळ होऊन वाहून जातं आणि केलेलं सगळं वाया जातं.

बंदूक खाऱ्या पाण्यात किंवा चिखलात बुडाली असेल तर क्रम बदलतो. त्याच दिवशी ठोकळा काढून कोमट गोड्या पाण्याने धुवा, हवेने फुंकून काढा, मग वरची सफाई. पाणी हटवायला डब्ल्यूडी-४० चालतं. वंगण म्हणून ते ठेवून देऊ नका, कालांतराने त्याचा चिकट थर होतो.

पिना काढून सिअर, स्प्रिंगा, चाप असं एकेक वेगळं करायची घरी गरज नसते. कंपनीच्या सूचनेतही ठोकळा एकसंध ठेवूनच साफ करायला सांगितलं आहे. सेफ्टीच्या आत बारीक स्प्रिंग आणि मण्याएवढी पोलादी गोळी असते. ती एकदा उडाली की गालिच्यावर रांगत शोधायची.

तेल

सर्वात जास्त नुकसान इथे होतं, आणि तेही काळजीपोटी. काडीच्या टोकावर तेलाचा थेंब घ्या आणि टोकानेच लावा, बाटलीतून सोडू नका. घोड्याच्या खिळीला दोन्ही बाजूंनी एकेक, सिअर आणि घोडा भिडतात तिथे पुसट हात, लॉकच्या खिळीला एक, कॅरिअर ज्या नळीवर फिरतो तिथे एक, सेफ्टीच्या आडव्या दांड्याला एक. मग सगळं चार-पाच वेळा हलवा: कॅरिअर वर-खाली, लॉक दाबून-सोडून, सेफ्टी इकडे-तिकडे. बाहेर आलेलं तेल कापडाने टिपा. भाग ओले दिसता कामा नयेत, बोट फिरवल्यावर तेलाचा नुसता भास व्हायला हवा.

जास्त तेल धूळ आणि काजळी धरून ठेवतं आणि पुढच्या हंगामात तीच लुकण होते. थंडीत तर ते घट्ट होऊन घोड्याचा वेग मारतं. मिनेसोटा, डाकोटाकडे शून्याखालच्या पहाटे फायरिंग पिनेचा टोला प्रायमरवर अर्धवट उमटतो आणि काडतूस उडत नाही, त्यामागे पुष्कळदा हे कारण असतं. तिकडे शिकारीला जाणार असाल तर जवळजवळ कोरडं ठेवा किंवा कोरडं वंगण वापरा. शिवाय बंदूक कपाटात उभी, दस्ता खाली. जादा तेल वाहत मागे लाकडात मुरतं आणि रिसीव्हरला टेकलेलं लाकडाचं डोकं काळं, मऊ पडतं. जुनी विंगमास्टर विकत घेताना तिथे आधी बघावं. तेल दिल्यावर पहिली रात्र बंदूक नळी खाली करून ठेवली तर हे टळतं.

परत बसवण्याआधी तपासा

ठोकळा स्वच्छ असतानाच दोष दिसतात. घोड्याची कड गोल झाली आहे का, गार्डाला पिनेच्या भोकापाशी तडा आहे का, स्प्रिंग वाकडी आहे का. कॅरिअर बोटाने वर उचलून सोडा, कुठे अडखळतो का बघा. अडखळत असेल तर आधी डॉगच्या मागे घाण राहिली असं समजून परत फवारा मारा. तरी फरक नाही पडला तर स्प्रिंग संशयित. लॉक दाबून सोडल्यावर स्वतःहून टुणकन परत यायला हवा.

जुन्या ८७०च्या कॅरिअरला मधे इंग्रजी ‘यू’ आकाराची खाच नसते. १९८०च्या दशकात ती आली. तिच्यामुळे काडतूस कॅरिअरखाली अडकलं तरी पंप ओढून सोडवता येतं. खाच नसलेली जुनी बंदूक वाईट नाही, पण तिच्यात काडतूस मॅगझिनमध्ये भरताना खटका बसेपर्यंत पूर्ण आत ढकलायची सवय हवी.

सिअरच्या कडेला दगडाने पॉलिश करणं, स्प्रिंगची वेटोळी कापून चाप हलका करणं, व्हिडिओ बघून बरंच काही सुचतं. हलका झालेला चाप धक्क्याने सुटतो. हे काम गनस्मिथचं, म्हणजे बंदुकीच्या कारागिराचं, आहे, आणि चांगला गनस्मिथही आधी ‘कशाला’ असं विचारतो.

बसवणं आणि चाचणी

बोल्ट पूर्ण पुढे, घोडा चढलेला, सेफ्टी लावलेली. बंदूक उलटी. कॅरिअरचे हात आधी पुढे घाला, लॉकचं टोक रिसीव्हरच्या डाव्या भिंतीला घासून आत जातंय याकडे लक्ष द्या आणि मग मागची बाजू खाली बसवा. बंदूक उलटी असताना डावं-उजवं डोक्यात उलटसुलट होतं, म्हणून बंदूक सरळ असतानाच डाव्या अंगाला टेपचा तुकडा चिकटवून ठेवलेला बरा. ठोकळा हाताच्या दाबाने बसायला हवा. हातोडी फक्त पिनांसाठी. भोकं जुळली की पिना पुसट तेल लावून आत सरकवा आणि दोन्ही बाजूंनी समपातळीत आहेत ना ते बोटाने बघा.

आता चाचणी, अर्थात रिकाम्या बंदुकीवर आणि नळी सुरक्षित दिशेला. पंप एकदा मागे-पुढे करून घोडा चढवा. बटण न दाबता पंप ओढून बघा, हलता कामा नये. सेफ्टी लावून चाप जोरात ओढा, काही होता कामा नये. चाप सोडा, सेफ्टी काढा, तरीही घोडा पडता कामा नये. या पायरीला लोक घाई करतात, पण घिसलेला सिअर इथेच पकडला जातो. मग चाप ओढा, स्वच्छ ‘टक’ आलं पाहिजे. चाप तसाच दाबून ठेवून पंप मागे-पुढे करा, घोडा पडता कामा नये. चाप सोडून परत ओढा, आता पडला पाहिजे. शेवटी घोडा चढवून, सेफ्टी काढून, दस्त्याचं बूड जाड रबरी मॅटवर दोन-तीनदा बेताने आपटा. घोडा जागचा हलला नाही पाहिजे.

पुढे कवायतीची बनावट काडतुसं भरून पंप फिरवा: मॅगझिनमधून येतात का, नळीत जातात का, बाहेर फेकली जातात का. यासाठी खरी काडतुसं घरात वापरायची नाहीत, कितीही खात्री वाटली तरी.

एवढं सगळं दर वेळी करायची गरज नाही. रेंजवरून आल्यावर नळी आणि बोल्ट पुसले की पुरे. ट्रिगर असेंब्ली हंगाम संपल्यावर एकदा, बंदूक भिजली किंवा चिखलात पडली तर त्याच दिवशी, आणि सेकंडहँड घेतली असेल तर पहिली गोळी झाडण्याआधी. वरच्या चाचणीत एकही पायरी चुकली, तर ठोकळा परत काढून फवारा मारा आणि पुन्हा तपासा. दुसऱ्यांदाही तेच झालं तर बंदुकीला कुलूप घाला, काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवा आणि गनस्मिथची वेळ घ्या.